दोन्ही हातानं धरा

आमच्या डॉक्टरांचे स्वतःचेच दात पुढे होते. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण भंडाऱ्यात त्यांचा विषय निघाला की सुरुवात इथूनच व्हायची. वेडेवाकडे दात सरळ करणारा, पुढे आलेले मागे नेणारा हा माणूस, आणि याचेच दात याच्या आधी खोलीत शिरायचे. माझी काकू तर सरळ म्हणायची, "ज्याले सोताचे दात सांभाळता नाई आले, तो आपल्या पोरीचे काय सांभाळन?" काकूचं तोंड म्हणजे काकूचं तोंड, त्याला कुठलीच तार बसली नसती. तरी तिचं म्हणणं अगदीच चुकीचं होतं असं मी म्हणणार नाही. डॉक्टरांना पहिल्यांदा पाहिलं तेव्हा माझ्याही मनात हेच आलं होतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते खिडकीशी उभे होते. दवाखाना बाजारात, पितळी भांड्यांच्या दुकानांच्या वरच्या मजल्यावर. खाली पितळेवर हातोडी पडायची, तिचा ठणठणाट जिना चढून वर येईपर्यंत मऊ होऊन जायचा. खिडकीतून छपरं दिसायची आणि छपरांच्या पलीकडे वैनगंगेची एक पट्टी, उन्हाळ्यात बारीक, पावसाळ्यात रुंद. डॉक्टर त्या पट्टीकडे बघत उभे होते. हातात तोंडात घालायचा तो छोटा आरसा. आई आणि मी दारात. आईनं खाकरून पाहिलं, काही नाही. मावशी म्हणून एक बाई तिथलं सगळं बघायची, ती म्हणाली, "बसा. डॉक्टर येतीन आता."

"हे काय, इथंच तर आहेत," आई म्हणाली.

"आंग आहे," मावशी म्हणाली. "बाकीचे येऊन राहिले."

बाकीचे डॉक्टर थोड्या वेळानं आले. वळले, आणि माझ्या तोंडाकडे न बघता त्यांनी पायाकडे पाहिलं. "चप्पल नवीन?"

आईला वाटलं, चपला बाहेर काढायच्या राहिल्या. ती घाईघाईनं म्हणाली, "काढतो ना साहेब. पहिलेची लहान झाली. संक्रांतीलेच घेतली होती, अन् आता पाय जात नाई."

"लहान झाली!" डॉक्टरांचा चेहरा असा उजळला की मला वाटलं आता पेढे वाटतात. "अन् फ्रॉकच्या बाह्या?"

"त्याही वर आल्या."

"वाढून राहिली," ते मावशीला म्हणाले, एकदम हळू आवाजात, जणू मी ऐकलं तर वाढायची थांबेन. आणि हसले. हसताना त्यांचा डावा हात वर आला आणि तोंडावर बसला. त्याच वेळी माझाही हात तोंडावर होता. माझा हात तर तेव्हा तोंडावरच राहायला होता. आम्ही दोघं हाताआडून एकमेकांकडे पाहत राहिलो. पुढं त्यांच्याबद्दल लोकांनी काहीबाही सांगितलं, मी ते मनाला लावून घेतलं नाही. त्या दिवशीच तो माणूस मला आपला वाटला होता.

माझं काय होतं ते सांगते. वरचे दात पुढे, खालचा जबडा मागे. दातावर दात ठेवले की खालचे दात वरच्यांच्या मागं पूर्ण गडप व्हायचे आणि टाळूला टोचायचे. ओठाला ओठ लागायचा नाही. शाळेत पोट्टे काय म्हणायचे ते मी इथं सांगत नाही, त्यांची आता लग्नं झाली आहेत. मी बोलणं जवळजवळ सोडलं होतं. बोलले तरी हाताआडून. एकदा आईशिवाय बसमध्ये बसले, कंडक्टरनं कुठं जायचं विचारलं, मी हाताआडून आमच्या फाट्याचं नाव सांगितलं, त्याला काही कळलं नाही. दुसऱ्यांदा सांगायची लाज वाटली. फाटा आला, गेला, मी तशीच बसून राहिले आणि थेट लाखनीला उतरून उन्हात चालत मागं आले. आई त्या दिवशी खूप रडली, आणि त्यानंतरच आम्ही भंडाऱ्याला आलो.

डॉक्टरांनी माझा जबडा बोटांनी चाचपला, कानापाशी बोट ठेवून तोंड उघडायला, मिटायला लावलं. मग आईला म्हणाले, "हिचे दात पुढं नाहीत, बाई. जबडा मागं राहिला आहे. सगळं अंग चालायला लागलं अन् हा बिचारा वाटेत बसून राहिला. आता त्याला बोलवायचं."

"बोलवलं तं येईन?"

"हिची वाढ चालू आहे तोवर येईल. नंतर नाही. मग मोठेपणी हाड कापून पुढं आणावं लागतं, दुसरा उपाय नाही." हे सांगताना त्यांचा आवाज बदलला. खिडकीकडे बघत म्हणाले, "वेळ एकदाच असते."

आधी त्यांनी मला काढता-घालता येणारं दिलं. दोन गुलाबी ठोकळे, एक वर, एक खाली, दोन्ही मिळून जबडा पुढं धरून ठेवायचे. दिवसरात्र घालायचे, फक्त जेवताना काढून डबीत ठेवायचे. डबीही दिली होती, निळी. पण आमच्या धानाच्या मुलखातल्या, झाडीपट्टीतल्या माणसाला रोवणीच्या दिवसात डबी कुठली सुचते? सकाळपासून बायका कमरेत वाकून धान रोवत होत्या, मीही चिखलात. दुपारी बांधावर जेवायला बसलो. मी ठोकळे तोंडातून काढले, हात चिखलाचे, म्हणून पळसाच्या पानात नीट गुंडाळून बाजूला ठेवले. आम्ही जेवलोही पळसाच्याच पानांवर. जेवण झालं, काकूनं सगळी उष्टी पानं गोळा केली आणि नेहमीप्रमाणे म्हशीपुढं टाकली.

त्या दिवशी आमच्या घरानं म्हशीच्या मागं जेवढी चाकरी केली तेवढी देवाची केली असती तर मोक्ष मिळाला असता. बांध शोधला, चिखल चाचपला, शेण पाहिलं. काही मिळालं नाही. काकू म्हणाली, "म्या काय जानो, पानात पोरीचा जबडा आहे म्हणून!"

आई मला घेऊन भंडाऱ्याला गेली, चोरी केल्यासारखी. सगळं सांगितलं. मला वाटलं डॉक्टर ओरडणार. ते शांतपणे ऐकून घेत होते, मग डोळे बारीक करून म्हणाले, "म्हशीचा जबडा कसा आहे? पुढं की मागं?"

आईला कळेना हसावं की रडावं. "तसा... म्हशीसारखाच आहे जी."

"नाही, बघा एकदा. फरक पडला तर सांगा मला." आणि त्यांचा डावा हात तोंडाकडे गेला, तेव्हा आम्हाला समजलं की ते हसत होते.

मग मात्र गंभीर झाले. आता काढताच येणार नाही असं बसवायचं, म्हणाले. मागच्या दाढांना धातूचे पट्टे चिकटवायचे, वर-खाली, आणि दोन्ही बाजूंनी एकेक दांडी, नळीत सरकणारी. तोंड मिटलं की त्या दांड्या खालच्या जबड्याला मागं जाऊच देत नाहीत. जेवतानाही तोंडात, झोपेतही तोंडात. "म्हशीला आता पूर्ण पोरगीच खावी लागेल."

पण घरी बाबा अडून बसले. बाबा वाईट नव्हते, पण एकदा नाही म्हटलं की त्यांची मान फिरायची नाही. "एक डाव केलं ना? गेलं ना? देवालेच नाई पाहिजे. अन् पोरीच्या तोंडात लोखंड कायले? घोडी आहे का ते?" आई म्हणाली, वेळ जाईल. बाबा म्हणाले, "कुठं पळून चालली वेळ? दहावी होऊ दे, मंग पाहू." मी आतल्या खोलीत ऐकत होते. मला ठाऊक होतं की दहावीपर्यंत चप्पल लहान व्हायची थांबलेली असेल. दुसरं कोणाला ते खरं वाटत नव्हतं. त्या दिवसांत मी रोज सकाळी चपलेत पाय घालून बघायची, अंगठा पुढं लागतो का म्हणून, आणि लागला की आनंदही व्हायचा आणि दहावीला किती महिने उरले ते मी बोटांवर मोजायची.

आम्ही ठरल्या दिवशी गेलो नाही, तर डॉक्टरच आले. असं कुठला डॉक्टर करतो? दवाखान्याला कुलूप लावून स्कूटरवर आमच्या गावाला आले, विचारत विचारत शेतावर पोचले आणि बूट न काढता बांधावरून चालत आले. दोनदा घसरले. पिशवीत पांढऱ्या चुन्यासारखा एक जबडा होता, माझाच, दाताचा ठसा घेऊन केलेला. बाबा गुडघाभर चिखलात, हातात पऱ्ह्यांची पेंडी. म्हणजे रोपांची जुडी. धान आधी एका वाफ्यात दाट पेरतात, त्याची रोपं उपटून मग शेतात रोवतात, त्यांना आम्ही पऱ्हे म्हणतो.

डॉक्टर बांधावर उभे राहून तो पांढरा जबडा हलवून दाखवू लागले. हाड म्हणजे काय, वाढ म्हणजे काय, कानापाशी नवं हाड कसं धरतं. तोंडासमोर एक हात धरून बोलत होते, त्यामुळे अर्धं वाऱ्यावर जात होतं. बायका रोवणं थांबवून बघत होत्या. शेवटी डॉक्टरांचे शब्द संपले. तो जबडा त्यांनी पिशवीत ठेवला, आणि म्हणाले, "माझ्या वेळी कोणी नव्हतं हो सांगायला. बाप नाकाडोंगरीकडं खाणीवर. कॉलेजात गेलो तेव्हा मला कळलं की वेळ होती अन् ती गेली." हे सांगताना त्यांनी हात खाली केला होता. बाबांनी त्यांच्या दातांकडे पाहिलं, चांगलं पाहिलं, मग हातातल्या पेंडीकडे.

"म्हंजे पऱ्हा निबर होऊन जाते, असंच ना?" बाबा म्हणाले. "मंग रोवला तरी फुटवे धरत नाई."

डॉक्टरांना शेतीतलं काही कळत नव्हतं. "निबर म्हणजे?"

"म्हंजे तुमी," बाबा म्हणाले.

सगळ्या बायका हसल्या. डॉक्टरही हसले, हात झटकन वर गेला. बाबा म्हणाले, "उद्या घेऊन येतो जी पोरीले." पुढं मी पाहिलं, दवाखान्यात येणाऱ्या प्रत्येक आईबापाला डॉक्टर पऱ्ह्यांची गोष्ट सांगायचे, जणू स्वतः जन्मभर धान पिकवलं आहे. स्वतःकडे बोट दाखवून म्हणायचे, "हा पाहा, निबर."

दांड्या बसल्या त्या दिवशी मला वाटलं, हे तोंड माझं नाहीच. जबडा पुढं ओढलेला, दातावर दात टेकलेला, गाल आतून टोचून राहिलेले. कितीतरी दिवस पेज प्यायले. पोरीला लगाम घातला म्हणून गावातले सगळे बघायला आले. मला जेवताना रडू यायचं, आईला मी न जेवल्याचं रडू यायचं. तोंड फार मोठं उघडलं की दांडी नळीतून बाहेर यायची आणि परत आत जायची नाही. शाळेत इतिहासाच्या तासाला मला जांभई आली, इतिहासाच्या तासाला कोणालाही येते, आणि एका बाजूची दांडी बाहेर येऊन ओठावर लोंबू लागली. बाई किंचाळल्या. त्यांना वाटलं मी काही तरी गिळता गिळता राहिले.

डॉक्टरांनी दांडी परत बसवली आणि मला एक विद्या शिकवली. अर्धी जांभई. हनुवटीखाली मूठ धरायची, जीभ टाळूला लावायची आणि जांभई निम्म्यात सोडून द्यायची. "उरलेली सांभाळून ठेव. सगळं निघालं की एकदम दे." ते स्वतःही तशीच जांभई द्यायचे, मूठ हनुवटीखाली धरून, त्यांच्या तोंडात काही नसतानाही. दुपारच्या वेळी दवाखान्यात पंखा गरगरायचा, खालून ठणठण यायची, नदीची पट्टी चमकायची आणि बाकावर बसलेली सगळी मुलं, मावशी आणि डॉक्टर एकामागोमाग एक अर्ध्या जांभया द्यायचे. मला अजूनही वाटतं की माझं अर्धं बालपण त्या खोलीत पेंगण्यात गेलं आणि ते काही वाया गेलं नाही.

ते तोंडात आरसा घालून मध्येच हरवायचे. आपण आ करून बसलेलो, आणि ते खिडकीबाहेर. मग तिकडे बघतच सांगायचे, "काल स्वप्नात स्टँडवर गेलो होतो. सगळ्या भंडाऱ्याचे जबडे जागेवर होते. सगळे हसून राहिले, आवाज कोणाचाच नाही." आपण आ करून ऐकायचं. संध्याकाळी ते खरोखर एसटी स्टँडवर जाऊन बाकावर बसायचे, गाडीची वाट न बघता, नुसत्या लोकांच्या हनुवट्या बघत. कुणाच्या लग्नाला गेले तर नवरदेवाकडे बघून हळहळायचे, "हा मला सातवीत भेटायला पाहिजे होता." नवरीकडच्यांना उगाच शंका यायची.

दाराच्या चौकटीवर ते प्रत्येक मुलाची उंची पेन्सिलीनं आखायचे, दर खेपेला. रेघ वर गेली की जिलेबी. स्वतःचीही आखायचे, अगदी नेमानं, आणि ती आधीच्या रेघेवरच बसायची. एका दिवाळीला रंगाऱ्यानं चौकट घासून निळा रंग मारला. आम्ही गेलो तर डॉक्टर जिन्यात बसलेले. "सगळे परत लहान झाले," म्हणाले. त्या दिवशी त्यांनी कोणाच्या तोंडात हात घातला नाही. मावशीनं आम्हाला चहा दिला आणि परत पाठवलं.

पण सगळ्यात गाजले ते त्यांचे पेले. खालच्या दुकानातून घेतलेले दोन पितळी पेले. खुर्चीत बसलं की मावशी ते काठोकाठ पाण्यानं भरून मुलाच्या दोन्ही हातांत द्यायची. मग डॉक्टर समोर स्टूल ओढून बसायचे आणि विचारायचे, "हं, काय जेवली?" सांगायचं. हात तोंडाकडे नेला की पाणी अंगावर. मध्येच ते असं काही बोलायचे की हसू यायलाच पाहिजे. मी पहिल्यांदा बसले तेव्हा दोन्ही पेले फ्रॉकवर रिकामे केले. दुसऱ्या खेपेलाही. आया सोबत कोरडे कपडे आणायच्या. "दात मी आणीन जागेवर," ते म्हणायचे, "पण हात? त्याला तर दांडी बसवता येत नाही." आणि आईला बजावून सांगायचे की येता-जाता बसचं तिकीट हिनंच मागायचं, मोठ्यानं, मागच्या सीटपर्यंत ऐकू जाईल असं. औषध समजून. आई पदराआड हसत बसायची आणि मी दांड्यांमधून ओरडायची, "एक फुल, एक हाफ, भंडारा!"

जबडा आला. बोलावल्यासारखा आला, हळूहळू, आणि आपल्या जागी बसला. दांड्या निघाल्या, मग तारा लागल्या, तारांनी दात ओळीत आले, मग ताराही निघाल्या. शेवटच्या दिवशी डॉक्टरांनी आरसा दिला. ओठाला ओठ लागत होता. दातावर दात ठेवूनही खालचे दात दिसत होते, मी ते असे पहिल्यांदाच पाहत होते. इतका आनंद झाला की हसू फुटलं, आणि हसताना माझा हात वर आला आणि तोंडावर बसला.

डॉक्टरांचा चेहरा उतरला. ते मला रागावले असते तर बरं झालं असतं. स्टुलावर बसले आणि नदीकडे बघत म्हणाले, "माझाही जातो. पाहतेस ना तू. आता तर समोर कोणी नसलं तरी जातो."

"तुम्ही काहून नाई धरत पेले?" मी विचारलं. तेव्हा तोंड मोकळं झालं होतं, जे मनात येईल ते बाहेर पडत होतं.

"धरले असते," डॉक्टर म्हणाले. "पण समोरच्या स्टुलावर कोण बसेल?"

मावशी फरशी पुसत होती. आईनं माझा हात धरला आणि आम्ही जिना उतरलो.

आता मी एसटीत कंडक्टर आहे. लोक विचारतात, बाईमाणूस असून ही नोकरी कशी काय घेतली. मी सांगते, तोंड चालवायला मिळतं म्हणून. खरं कारण असं की या नोकरीत हात रिकामा नसतो. एका हातात तिकिटाचं मशीन, दुसऱ्या हातात वरची दांडी, आणि तोंड सतत उघडं: "चला पुढं सरका, दारात गर्दी नका करू, ओ काका, बोचकं खाली ठेवा!" नोकरी लागल्यावर कधी तरी माझ्या ध्यानात आलं की आपण हसून राहिलो आणि हात जागेवरच आहे. कधीपासून, ते मलाही सांगता येणार नाही. जांभई मात्र अजून अर्धीच देते. उरलेल्या सगळ्या कुठं तरी साठून असतील.

मागच्या लग्नसराईत भंडाऱ्याहून साकोलीची गाडी होती, पाय ठेवायला जागा नाही. एक म्हातारे गृहस्थ चढले, अंगानं वाळलेले, खांद्याला पिशवी. एका पोरानं उठून जागा दिली तर म्हणाले, "राहू दे. उभ्यानं बरं दिसते." त्यांना सगळ्यांच्या हनुवट्या दिसत होत्या! मी गर्दीतून सरकत त्यांच्यापर्यंत गेले. त्यांनी माझ्या डोळ्यांकडे पाहिलं नाही. हनुवटीकडे पाहिलं, मग कानापाशी, मग परत हनुवटीकडे.

"हे काम माझं आहे," ते म्हणाले.

माझे डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. "हो डॉक्टर. तुमचंच आहे."

"म्हशीवाली?"

"म्हशीवाली."

त्यांचा डावा हात उठायला लागला. इतक्या वर्षांनीही तो वाट चुकला नाही. आणि मला ते स्टूल आठवलं. समोर कोण बसेल, असं म्हणाला होता हा माणूस. इतकी पोरं त्यानं समोर बसवली, त्याच्यासमोर कोणी बसलं नव्हतं. बसायला जागा नव्हती, मी उभीच होते, पण अगदी समोर होते.

मी माझा कंडक्टरचा आवाज काढला. "डॉक्टर, दोन्ही हातानं धरा!"

सगळी गाडी दचकली. डॉक्टरांनी निमूट दोन्ही हात वर करून दांडी धरली. आमच्या गाडीत माझं ऐकावंच लागतं.

"काय जेवले?" मी विचारलं.

त्यांना क्षणभर कळलं नाही. मग कळलं. दांडीला लोंबकळलेला तो वाळका माणूस माझ्याकडे टक लावून बघत राहिला. "वरण-भात," ते हळूच म्हणाले. "अन् वांग्याची भाजी."

"मागच्या सीटपर्यंत ऐकू नाई आलं."

"वरण-भात! अन् वांग्याची भाजी!"

"अन् डॉक्टर, तुम्ही पाहून सांगा म्हणाले होते ना? सांगायचं राहूनच गेलं. त्या म्हशीचा जबडा पुढं आला हो. काकू म्हणते, आता ते चारा नाई खात, अर्धी जांभई देते."

ते हसले. आधी खांदे हलले, मग पोट, मग तोंड पूर्ण उघडलं. ते सगळे दात, वरचे, पुढचे, कधीच मागं न गेलेले, सगळ्या बसच्या समोर. मी कितीतरी वर्षं त्या तोंडासमोर आ करून बसले होते, आणि ते हसताना मी कधी पाहिलंच नव्हतं. किती गोड दिसतो हा माणूस हसताना, हे कोणी याला सांगितलं नसेल. शेजारच्या सीटवरची एक माय पण हसायला लागली, तिला काय समजलं होतं देव जाणे.

हसता हसता त्यांचा डावा हात दांडीवरून सुटायला लागला.

"सोडू नका!" मी ओरडले. "पुढं खड्डा आहे!"

हात परत घट्ट बसला. डॉक्टर हसत राहिले.

पुढं खड्डा नव्हता. लाखनीपर्यंत रस्ता चांगला गुळगुळीत होता.